टाकलंय ना? मग राहू द्या!

सॉफ्टवेअर तयार आहे, आणि आता कुणीतरी मागे लागलंय की इन्स्टॉल कसं करायचं तेही लिहून द्या. घाबरू नका. सुरुवातीलाच 'हे अगदी सोपं आहे' असं ठोकून द्या. 'फक्त' आणि 'नुसतं' हे शब्द दोन-चार वेळा पेरले की पुढे अडलेल्या माणसाला चूक आपलीच वाटते आणि तक्रार तुमच्यापर्यंत येत नाही.

काय काय लागेल? 'लिनक्स आणि पायथन', एवढं पुरे. कुठल्या आवृत्तीवर तपासलंय हे लिहिलंत, तर उद्या त्यावर चालवून दाखवावं लागेल. कम्पाइल करताना, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बनवताना, पायथनच्या हेडर फाइल्स ('पायथन डॉट एच'सारख्या) लागतात हे तर मुळीच फोडू नका. तुमच्या मशीनवर त्या कधीकाळी दुसऱ्याच कशासाठी तरी आल्यात, म्हणून तुमचं अडत नाही. वाचणाऱ्याला शंभरेक ओळी सरकल्यावर 'पायथन डॉट एच सापडत नाही' असं दिसेल. मग तो शोधून काढेल की त्या पॅकेजच्या नावाला उबुंटूवर 'डेव्ह' अशी शेपटी असते आणि फेडोरावर 'डेव्हेल'. तेवढाच त्याचा अभ्यास! कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर स्वतःच्याच पायऱ्या एकदा करून बघायचा मोह मात्र आवरा. अर्ध्या तासात सगळं उघडं पडतं.

कमांड्स वर्ड प्रोसेसरमध्येच टाइप करा. तो सरळ अवतरणचिन्हांना बाक देतो, दोन हायफन जोडून एक लांब रेघ करतो, आणि पेस्ट केलेली कमांड कशामुळे फसली ते डोळ्यांना दिसतही नाही. प्रत्येक ओळीआधी डॉलरचं चिन्ह ठेवायला विसरू नका. नवखा माणूस ते चिन्हासकट उचलतो आणि 'डॉलर: कमांड नॉट फाउंड' वाचून डोकं खाजवत बसतो.

२०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन, सिस्टिमच्या पायथनला हात लावू देत नाही, एरर देतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजेससाठी वेगळी खोली, बनवायला दोन ओळी लागतात, पण कशाला? त्याच एररमध्ये खाली 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा पर्याय दिलेला असतो. तोच ठोका. नावातच काय होणार ते लिहिलंय. आणखी वेगळं काय समजवायचं?

आता खरी कला: काढायचं कसं. इथे 'इन्स्टॉल केलं त्याच्या उलट करा' हे एकच वाक्य लिहावं.

सोर्सपासून बनवून 'सुडो मेक इन्स्टॉल' केलं की फाइल्स बहुधा यूएसआर-लोकलखाली बिन, लिब, शेअर अशा चार घरी जाऊन बसतात. 'मेक अनइन्स्टॉल' चालतं, पण तो नियम मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक जी वाचून चालतं त्या फाइलमध्ये, असेल तरच. मेकफाइल बनवून देणाऱ्या साधनांपैकी ऑटोमेक तो आपणहून घालतं, सीमेक घालत नाही. सीमेक बिचारं बिल्ड फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' नावाची टेक्स्ट फाइल ठेवून जातं. कोणती फाइल कुठे टाकली याची ओळीओळीने यादी. म्हणून इन्स्टॉलच्या शेवटच्या पायरीत आवर्जून लिहा: 'आता सोर्सचं फोल्डर उडवलं तरी चालेल.' यादी गेली, प्रश्न मिटला.

डेबियन-उबुंटूचं पॅकेज दिलं असेल तर 'एपीटी रिमूव्ह' सांगा, 'पर्ज'चं नाव काढू नका. रिमूव्हने प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी फोल्डरमधली कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची, फाइल जागेवर राहते. डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या यादीत त्या नावापुढे 'आरसी' (प्रोग्रॅम काढला, कॉन्फिग उरली) दिसतं, आणि ते कोण बघतंय? बिघडलं म्हणून माणूस काढून पुन्हा टाकतो. नवा प्रोग्रॅम जुनीच कॉन्फिग वाचतो आणि तोच एरर पुन्हा हजर. पर्ज केलं तरी होम फोल्डरमधले टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर शिल्लक असतातच. गणपतीचा मंडप उतरला तरी रस्त्यातले खड्डे राहतात, तसं.

विंडोजवाल्यांना 'कंट्रोल पॅनेलमधून काढा' सांगून मोकळे व्हा. सेटिंग्ज जिथे उरतात तो ॲपडेटा फोल्डर दिसत नाही, आणि दिसत नाही ते नाहीच.

बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये घातलेली पाथची ओळ, तयार केलेला सिस्टिम युजर, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) नोंद, यांचा हिशेब देत बसू नका. मागे सतत चालणाऱ्या सर्व्हिसचा तर नाहीच. 'आधी सिस्टिमसीटीएलने स्टॉप आणि डिसेबल करा, मग युनिट फाइल काढा, मग डीमन-रीलोड' अशा पायऱ्या लिहिल्या तर गंमत जाईल. माणसाला नुसती मुख्य फाइल डिलीट करू द्या. चालू असलेला प्रोसेस तरीही मेमरीत चालतच राहील, तेव्हा त्याला वाटेल काहीतरी चुकलं. मग तो मशीन रीस्टार्ट करेल. तुम्ही युनिट फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, 'रीस्टार्ट ऑल्वेज' आणि पाच सेकंदांची विश्रांती लिहून ठेवलीच आहे. दर पाच सेकंदांनी सर्व्हिसेस सांभाळणारं सिस्टिमडी ती मुख्य फाइल शोधायला जाईल, तिथे काही नसेल, आणि लॉगमध्ये २०३ नंबरचा एरर लिहून परत येईल. दिवसाला सुमारे १७ हजार वेळा.