टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे क्लेम गेला? कोणी सांगितलं?

इकडे न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, वेअरहाऊस-मोटेलमध्ये काम करणाऱ्या पोरांसाठी. म्हणे कामावर लागलं आणि ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आली तर वर्कर्स कॉम्प (कामावर लागलं की मालकाच्या विम्यातून मिळणारी भरपाई) अमेरिकेत कुठेच मिळत नाही, म्हणून टेस्टलाच नाही म्हणा; गांजा लीगल आहे तिथे टेन्शन नाही; आणि चूक आपली असेल तर रिपोर्टच करू नका. यातला एकही सल्ला धड नाही आणि एक तर सरळ पायावर धोंडा आहे.

"कुठेच मिळत नाही" हे आधी घेऊ. अहो, हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. न्यू जर्सीत नुसती नशा होती एवढं पुरत नाही, अपघात फक्त नशेमुळेच झाला हे मालकाला दाखवावं लागतं. २००६ मध्ये एका ट्रक ड्रायव्हरच्या केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, रक्तात अल्कोहोल सापडूनही त्याचा हक्क गेला नाही. याउलट फ्लोरिडा किंवा ओहायोत टेस्ट पॉझिटिव्ह आली की नशेमुळेच लागलं असं कायदा गृहीत धरतो आणि ते खोडून काढायचं काम तुमचं. अवघड आहे, पण दार बंद नाही.

आता धोंडा. "टेस्ट नाकारली म्हणजे पुरावाच नाही" हे ऐकायला भारी वाटतं, पण त्याच ओहायो-फ्लोरिडात नाकारली की नशा होती असंच धरून चालतात, म्हणजे साफ असलेला माणूसही स्वतःहून अडकतो.

गांजाचं त्रांगडं वेगळंच. लघवीच्या टेस्टमध्ये गांजाचे अंश कित्येक दिवस दिसतात, रोज ओढणाऱ्याला तर कित्येक आठवडे, त्यामुळे त्या क्षणी तो नशेत होता का हे त्यातून कळतच नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून अशा अंशांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली, पण बांधकामवाले त्यातून वगळलेत आणि ट्रकवाल्यांना फेडरल नियम लागतात, तिथे राज्याने लीगल केलं काय न केलं काय, सारखंच. गंमत बघा, २०२१ मध्ये न्यू जर्सीच्याच सुप्रीम कोर्टाने कामावर जखमी झालेल्या एका माणसाच्या मेडिकल गांजाचा खर्च मालकाने द्यावा असा निकाल दिलाय!

राहिलं "चूक आपली असेल तर". वर्कर्स कॉम्पमध्ये चूक कोणाची हे साधारणपणे बघतच नाहीत, घाईत पाय घसरला तरी क्लेम होतो. फक्त कळवायला हवं, तेही लगेच. न्यू जर्सीत मालकाला ९० दिवसांत कळलंच नाही तर क्लेम हातचा जाऊ शकतो, मग टेस्ट निगेटिव्ह असली तरी काय उपयोग.