ओट्सच्या आंघोळीवर आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

नमस्कार. कोरड्या त्वचेसाठी ओट्स, दूध पावडर आणि थोडं बदामतेल घातलेल्या आंघोळीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता: ‘आजीबाईचा बटवा उघडायचा आणि त्यालाच उपचार म्हणायचं. 2018 च्या ब्रिटिश चाचणीत असल्या गोष्टींचा उपयोग दिसला नाही. शिवाय तेलाने टब निसरडा होतो, त्याचं काय?’

निसरड्याचं मान्य. दोन चमचे बदामतेल घातलं की पाय सटकू शकतो. रबरी मॅटची सूचना लेखात जोडली आहे.

पण ‘आजीबाईचा बटवा’? लेखात कुठल्याच आजीचं नाव नाही. असतं तरी त्यात हिणवण्यासारखं काय आहे? माझ्या आजीने साय आणि डाळीच्या पिठाने आम्हा सगळ्या भावंडांना न्हाऊ घातलं. तिच्याबद्दल हा सूर मी ऐकून घेणार नाही.

आणि उपचार हा शब्द माझा नव्हेच. कोरडेपणाला आराम, एवढंच लिहिलंय. नीट वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) 2003 मध्ये त्वचारक्षक घटकांच्या यादीत घेतलं, तीही बटव्यातून आली का?

शिकागोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात घरात हीटिंग रात्रंदिवस चालू असायचं. नडग्यांची साल निघत होती, झोपेत खाजवून चादरीला रक्त लागायचं. कढत पाण्याच्या आंघोळी बंद केल्या, कोमट पाण्यात ओट्स घालून दहा-पंधरा मिनिटं बसू लागले, अंग टिपून ओलसर असतानाच क्रीम लावू लागले, तेव्हा कुठे झोप लागली. असा एक तरी हिवाळा तुम्ही काढलाय का? मग मला कशाचा उपयोग होतो आणि कशाचा नाही, हे कुठल्या अधिकाराने सांगता?

चाचणीचं म्हणाल, तर ती एक्झिमा (खाज सुटणारा त्वचारोग) असलेल्या लहान मुलांवरची होती; एका गटाच्या आंघोळीच्या पाण्यात त्वचा मऊ करणारं द्रव्य घातलं, दुसऱ्याच्या नाही, आणि दोन्ही गटांतली मुलं अंगाला क्रीम लावतच होती. मी मोठ्यांच्या हिवाळी कोरडेपणाबद्दल लिहिलंय. त्यावर आणखी वाद घालायची माझी इच्छा नाही.

वाटीभर साधे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे दळा, चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि तळाशी काही बसलं नाही, तर ते टबात घालण्याजोगं आहे. एवढं करून बघा आणि मग खुशाल लिहा, मी उत्तर देईन.