नोव्हेनाची सुरुवात २८ जानेवारीला

एका लेखात वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचा सण ५ फेब्रुवारीला दिला आहे. जपानमधल्या नागासाकीत ते क्रुसावर हुतात्मा झाले ती तारीख १५९७ सालची ५ फेब्रुवारीच. पण त्या दिवशी संत आगाथाचा सण असतो, म्हणून चर्चच्या उपासनेच्या दिनदर्शिकेत गोन्सालो यांचा सण ६ फेब्रुवारीला, त्यांच्याबरोबरच हुतात्मा झालेल्या पॉल मिकी व सोबत्यांबरोबर येतो. त्यामुळे नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २८ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. बरेच जण २९ला सुरू करतात, मग नववा दिवस ऐन सणावर आदळतो! सणाच्या मिस्सेला (मुख्य उपासनाविधीला) धर्मगुरूंचा झगा लाल, हुतात्म्याला पांढरा नाही. पुतळा वेदीवर ठेवू नका, बाजूला चौरंगावर ठेवा. ६ला रविवार आला तर मिस्सा रविवारचीच. गोन्सालो यांच्या नावाच्या चर्चमध्ये मात्र सणाची.