‘झापलं की सुधारतो’ हे कुणी ठरवलं?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, सुपरवायझर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘यशस्वी मॅनेजरची पाच सूत्रं’. दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तोच येऊन पडला, तेव्हा तो किती लांब पोचलाय हे कळलं. मजकूर थोडक्यात असा. कौतुक केलं की माणूस शेफारतो, झापलं की सुधारतो. चूक चारचौघांत दाखवावी, म्हणजे बाकीच्यांनाही धडा मिळतो. कामाचा हिशेब वर्षातून एकदा, अप्रेझलला; रोज रोज सांगत बसू नये. अगदी सांगायचीच वेळ आली तर आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड. आणि पाचवं, माणसं पगारासाठी येतात, बाकी सगळे चोचले.

खाली अंगठ्यांची रांग लागली आहे. अंगठा देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हाताखाली वीस-तीस माणसं काम करतात, म्हणून हे हसून सोडून देता येत नाही. मी बडोद्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. कुणाला काय सांगितलं, कधी सांगितलं आणि कसं सांगितलं, याचे परिणाम टेस्टिंगच्या कागदांतून माझ्या टेबलावर येतात.

पहिलं सूत्र सगळ्यांत घातक, कारण ते अनुभवाचं वाटतं. ते सांगणारे सुपरवायझर खोटं बोलत नाहीत, त्यांनी तसं खरंच पाहिलेलं असतं. सोमवारी एखाद्या वाइंडरनं, म्हणजे तार गुंडाळून कॉइल बनवणाऱ्या कामगारानं, सुरेख कॉइल काढली, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मंगळवारची कॉइल जेमतेम निघाली. मंगळवारी ओरडा बसला, बुधवारी काम पुन्हा ठीक. असं चार वेळा दिसलं की कुणीही त्यातून नियम काढेल.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हाच नियम इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांकडून ऐकायला मिळाला होता. शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस चांगला शिकतो, असं काहनेमन त्यांना शिकवत होते. तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, मी ज्यांचं कौतुक करतो ते पुढच्या खेपेला हमखास वाईट उडवतात आणि ज्यांच्यावर ओरडतो ते सुधारतात. काहनेमन यांनी वाद घातला नाही. प्रत्येकाला पाठमोरं उभं केलं आणि मागच्या खुणेवर दोन नाणी टाकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेजवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं भलतीकडे गेलं, त्यांचं दुसरं सुधारलं. मधल्या वेळात कुणी कुणाला शाबासकी दिली नव्हती आणि कुणी कुणाला झापलंही नव्हतं.

फार चांगल्या दिवसात हाताच्या कसबाबरोबर थोडं नशीबही मिसळलेलं असतं. त्या दिवशी तांब्याच्या तारेचं रीळ चांगलं आलं, मध्येच लाइट गेली नाही, रात्री झोप नीट झाली. दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा एकत्र जुळून येत नाही आणि काम नेहमीच्या पातळीवर उतरतं. फार वाईट दिवसाचं याच्या उलट. म्हणजे वाईट दिवसानंतर बरा दिवस बहुधा येणारच असतो आणि त्याचं श्रेय ओरडणारा स्वतःकडे घेतो. पटत नसेल तर रिजेक्शनचं रजिस्टर काढा. एकाच वाइंडरचे सगळ्यांत वाईट आठवडे शोधा आणि त्यांतले सुपरवायझर रजेवर असतानाचे वेगळे करा. पुढचा आठवडा बहुतेक वेळा तिथेही सुधारलेला दिसेल.

आता, याचा अर्थ कौतुक करत सुटा असा मी काढत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या अभ्यासांतल्या सहाशेहून जास्त तुलना एकत्र तपासल्या. सरासरी पाहिली तर फीडबॅकनं काम सुधारलं होतं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून माणसाच्या स्वतःवर, म्हणजे मी हुशार की ढ, साहेबांचा लाडका की नावडता यावर गेलं, की फीडबॅकचा जोर ओसरत होता. कौतुकालाही हे लागू आहे. ‘तू तर आपला हिरो’ हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही. ‘लीडच्या तारांचे जोड आज स्वच्छ ब्रेझ झालेत, टेस्टिंगहून एकही परत आला नाही, फ्लक्स पुसायची ही पद्धत सोडू नकोस’ यातून कळतं. चूक सांगतानाही तसंच. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ या प्रश्नाला समोरचा काय उत्तर देणार? ‘सहाव्या लेयरला एक टर्न (तारेचा वेढा) कमी भरली, काउंटर चहाच्या सुट्टीच्या आधी बघितला होतास की नंतर?’ याचं उत्तर देता येतं आणि त्या उत्तरातून कारण सापडतं.

दुसऱ्या सूत्राबद्दल मला खरोखर चीड आहे, कारण चारचौघांत झापण्याची किंमत फार उशिरा कळते आणि ती भलत्यालाच मोजावी लागते.

ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमध्ये तांब्याच्या पट्टीवर इन्सुलेशनचा कागद गुंडाळलेला असतो. वाइंडिंग करताना कुठे तरी त्या कागदाला बारीक चीर पडते. ती सगळ्यांत आधी आणि बहुतेक वेळा फक्त वाइंडरलाच दिसते. पुढचा लेयर चढला की कायमची झाकली जाते. टर्न कमी पडली तर रेशो टेस्टला, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण तपासताना, पकडली जाते, पण कागदाची चीर टेस्टिंगमधून निसटूही शकते. मग तो ट्रान्सफॉर्मर कुठल्या तरी गावाबाहेर खांबावर चढतो आणि एखाद्या पावसाळ्यात जळतो. गाव अंधारात, पिकाला पाणी नाही. ही सगळी साखळी वाइंडरनं त्या क्षणी तोंड उघडलं की नाही, एवढ्यावर अवलंबून असते.

आमच्या वाइंडिंग खात्यात घडलेली गोष्ट सांगते. पन्नाशी उलटलेले एक वाइंडर मशीन थांबवून सुपरवायझरकडे आले. सुपरवायझर त्यांच्या मुलाच्या वयाचा.

“चीर पडलीय बघा.”

“कुठे, काका?”

“चौथ्या लेयरला, शेवटच्या दोन टर्न आधी. गाइडची कड लागतेय बहुतेक.”

पोरानं वाकून गाइडच्या, म्हणजे पट्टीला दिशा देणाऱ्या भागाच्या, कडेवरून बोट फिरवलं. बारीकशी बर, म्हणजे धातूची उचललेली धार, होती, नखाला लागेल एवढीच. कानस मागवून ती घासली, तेवढ्या जागी काकांनी कागद पुन्हा गुंडाळला, आणि मशीन सुरू झालं. मग सुपरवायझर बाजूच्या दोन मशीनवाल्यांना म्हणाला, “काकांमुळे कळलं, तुम्हीही आपापले गाइड बघून घ्या.” त्यातल्या एका गाइडलाही बर निघाली. चारचौघांत बोलायचं असेल तर हे बोलावं.

याआधी मी ज्या कारखान्यात होते तिथे सकाळी गेटवरच्या मीटिंगमध्ये आदल्या दिवशीच्या चुका नावानिशी वाचल्या जायच्या. तिथल्या रजिस्टरात कागदाच्या चिरेची नोंद जवळपास नव्हतीच. वरच्या साहेबांना त्याचा अभिमान होता. फील्डमधून जळून परत येणाऱ्या मालाचा हिशेब वेगळ्या खात्यात असायचा आणि ते दोन कागद कुणी शेजारी ठेवून बघत नव्हतं.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत नेमकं हेच दिसलं. औषधं देताना होणाऱ्या चुका मोजायला त्या गेल्या, तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तिथल्या नर्स चुका लपवत नव्हत्या. मानसिक सुरक्षिततेवरचं, म्हणजे न घाबरता बोलता येण्याबद्दलचं, त्यांचं पुढचं सगळं काम या कोड्यातून उभं राहिलं.

‘बाकीच्यांना धडा मिळतो’ म्हणाल, तर १९२५ मधला एलिझाबेथ हर्लॉक यांचा अमेरिकेतला प्रयोग बघा. शाळकरी मुलांना काही दिवस रोज गणितं घातली. एका गटाचं सगळ्यांदेखत कौतुक, दुसऱ्याला सगळ्यांदेखत बोलणी, तिसरा गट त्याच वर्गात बसून हे ऐकतोय पण त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. कौतुक झालेली मुलं सुधारत राहिली. बोलणी खाल्लेली आधी सुधारली आणि मग घसरत गेली. नुसती ऐकणारी मुलं बोलणी खाणाऱ्यांच्याही मागे राहिली. शाळेतली मुलं आणि कारखान्यातली मोठी माणसं एक नव्हेत, हे मान्य. पण दुसऱ्याची हजेरी घेतलेली ऐकून बाकीचे शिकतात, याला तिथे आधार मिळाला नाही एवढं नक्की.

तिसरं सूत्र, वर्षातून एकदा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. माझ्या ओळखीतल्या, सखल भागातल्या एका कारखान्यात स्टोअरच्या माणसानं संध्याकाळी घरी न जाता इन्सुलेशन पेपरचे रोल एकेक करून वरच्या रॅकवर चढवले. तो कागद भिजला की भंगारच. रात्री पाणी आत आलं तेव्हा खालच्या कप्प्यात फक्त लोखंडी सामान होतं. अप्रेझल आलं मार्चअखेरीस. टार्गेटची धावपळ चाललेली, साहेबांनी वीस फॉर्म एका दुपारी भरले, आणि या माणसाच्या फॉर्मवर सगळीकडे ‘समाधानकारक’. फेब्रुवारीत एक एन्ट्री चुकली होती तिचा मात्र उल्लेख होता. कुणी मुद्दाम अन्याय केला असं मी म्हणणार नाही. सात महिन्यांपूर्वीचं डोक्यात राहत नाही, मागच्या महिन्यातलं राहतं. वर्षभराचा हिशेब एकदम मांडायला बसलं की असंच होणार.

गुणवत्तेच्या क्षेत्रात ज्यांचं नाव आम्ही आदरानं घेतो त्या एडवर्ड्स डेमिंग यांनी वार्षिक गुणांकनाला कंपन्यांच्या जीवघेण्या रोगांत बसवलं होतं आणि कामाच्या जागेवरून भीती हद्दपार करा असं बजावलं होतं. अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझल बंद करून वर्षभर बोलत राहायची पद्धत आणली. त्यांचं ऑफिस, आपलं शॉप फ्लोअर, फरक आहेच. ‘आम्हाला वेळ कुठे?’ हा सुपरवायझरचा प्रश्नही खरा आहे. तर साधा हिशेब करू. तीस माणसं असतील तर रोज फक्त दोघांजवळ, त्यांच्या मशीनपाशी उभं राहून, पाच-पाच मिनिटं. पंधरा कामाच्या दिवसांत सगळे होतात, म्हणजे वर्षातून एकाच्या जागी पंधरा-सोळा वेळा प्रत्येकाशी बोलणं होतं. यासाठी फॉर्म नको, केबिन नको. मागच्या वेळी काय बोललो होतो ते आठवायला खिशातली छोटी डायरी पुरते. मोठी चूक मात्र त्या यादीची वाट बघत ठेवू नये. ती त्याच पाळीत, बाजूला घेऊन सांगावी.

चौथ्या सूत्रावर, गोड-कडू-गोडवर, फार शब्द खर्च करण्यासारखं काही नाही. पहिलं सूत्र म्हणतं कौतुक करू नका, चौथं म्हणतं दोनदा करा, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेलं नाही. शिवाय दोन-तीन वेळा असं झालं की माणसं पहिलं वाक्य ऐकतच नाहीत, ‘पण’ कधी येतो याची वाट बघतात. म्हणजे खरं कौतुकही वाया गेलं. काही जण शेवटचं गोड तेवढं घेऊन जातात आणि चूक तशीच राहते. चूक सांगायची तर सरळ सांगा, आवाज न चढवता. कौतुक दुसऱ्या दिवशी, त्याच्या स्वतःच्या कारणासाठी.

पाचव्यातलं अर्धं मला मान्य आहे. पगार कमी असेल, ओव्हरटाइमचे पैसे अडकले असतील, तर कितीही गोड फीडबॅक दिला तरी तो अपमानच वाटेल. आधी पैसे चोख द्या. पण पैसे चोख दिले म्हणून माणूस आपल्या कामात मन घालतोच असं नाही. शेजारच्या अहमदाबादेतलंच उदाहरण आहे. १९५३ मध्ये माणसं एकत्र काम कशी करतात याचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस कॅलिको मिलच्या ऑटोमॅटिक मागांच्या खात्यात आले. यंत्रं नवी, तरी उत्पादन हवं तसं निघत नव्हतं. कामाचे बारा वेगवेगळे तुकडे केलेले, एकाच मागावर कितीतरी जणांचे हात, आणि तो माग आपला म्हणणारा कुणीच नाही. छोट्या गटाकडे ठरावीक माग सोपवावेत ही कल्पना मांडल्यावर कामगारांनी ती उचलून धरली आणि स्वतःच गट जमवले. पुढे उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. हे चोचले असतील तर गिरणीमालकाला ते फायद्यात पडले.

आणि हे पाचवं सूत्र सगळ्यांत जास्त लावलं जातं ते ठेकेदाराकडून आलेल्या माणसांना. कोअरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचे, पत्रे रचायचं काम बऱ्याच कारखान्यांत त्यांच्याकडेच असतं. त्यांना चूक झाली की ओरडा मिळतो, बाकी वर्षभर कुणी काही बोलत नाही. आमच्याकडे अशाच एकाला ‘काय अडतंय?’ विचारलं तेव्हा तो म्हणाला, ट्यूबलाइट पाठीमागे आहे, रचताना माझ्याच हाताची सावली सांध्यावर पडते. ट्यूबलाइट पुढच्या बाजूला घेतली, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर पत्र्याची वाकलेली कड तो स्वतःहून दाखवायला येऊ लागला. रोजच्या दोघांच्या यादीत आता ठेकेदाराची माणसंही घेतली आहेत, आणि पाळीच्या सुपरवायझरकडे त्या सगळ्यांची नावं लिहून ठेवलेली आहेत.