शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाशी कोण बोलते?

शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "घाबरू नका, काही होत नाही." हेतू चांगलाच असतो, पण एवढ्याने भीती जात नाही, ती बोलून दाखवण्याची सोय तेवढी राहत नाही. मानसिक आधार म्हणजे धीराचे चार शब्द, हा समज रुग्णालयांतही पक्का बसला आहे आणि तो मला मान्य नाही.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळपास निम्म्या रुग्णांना भूलतज्ज्ञाने आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की जाग आल्यावर दुखेल, कुठे दुखेल आणि किती काळ दुखेल. पोटाचे स्नायू आखडले की कळ वाढते, म्हणून ते सैल कसे सोडायचे आणि कुशीवर वळताना पोटाऐवजी हातापायांचा जोर कसा लावायचा, हेही शिकवले होते. या रुग्णांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले, आणि कोणाशी असे बोलणे झाले आहे हे ठाऊक नसलेल्या शल्यचिकित्सकांनी त्यांना इतरांपेक्षा सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडले. त्या काळी रुग्णालयातला मुक्कामच लांबलचक असे, त्यामुळे हा आकडा आज जसाच्या तसा धरता येणार नाही. तरीही दुखणार हे आधीच कबूल करून रुग्णाच्या हाती काहीतरी उपाय देणे, हाच मला खरा आधार वाटतो.

प्रत्यक्षात संमतिपत्रावर सही झाली की संवाद झाला असे धरले जाते. त्यातली गुंतागुंतींची यादी वाचून दाखवतातही. पण भूल मध्येच उतरली तर, शुद्धीवर येताना मी काहीबाही बडबडेन का, लघवीची नळी किती दिवस ठेवतील, हे प्रश्न रुग्ण नातेवाइकांसमोर विचारत नाही आणि राउंडच्या घाईत तर नाहीच नाही.

अर्थात सगळ्यांनाच सगळे ऐकायचे नसते. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रश्नावलीत अवघे सहा प्रश्न आहेत: चार भीतीविषयी आणि दोन, किती माहिती हवी याविषयी. डॉक्टरांना वेळ नसतो ही सबब त्यापुढे टिकत नाही, कारण हे प्रश्न परिचारिकाही विचारू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांच्या कागदावर रक्तदाब, साखर आणि ईसीजीच्या खाली ही उत्तरे नोंदवावीत, आणि ती पाहून रुग्णाशी कोण बोलणार, त्याचे नावही तिथेच लिहावे.