रॅम्प रिकामा आहे का, एवढंच सांगा

आमच्या इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद, म्हणून दोन्ही टोकांना सिग्नल आहे. आज संध्याकाळी त्या रॅम्पवर, नेमकी वळणावर, एका गाडीसमोर बंपर भिडायचाच बाकी अशी उभी होते. मी खालून वर निघालेली, हिरवा दिवा बघून. समोरची मुलगी वरून खाली येणारी, तीही हिरवाच दिवा बघून. आणि तिच्या मागोमाग घुसलेले एक गृहस्थ हॉर्नवर हात ठेवून बसलेले. हॉर्नने गाड्या आकसतात असा काही लोकांचा ठाम समज असतो.

शेवटी मागे कोण गेलं असेल? मीच. दोन्ही बाजूंना भिंत, वळण, उतार आणि रिव्हर्स. क्लचचा वास अजून नाकात आहे.

बाहेर आल्यावर देखभाल बघणाऱ्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही हिरवे एकदम लागूच शकत नाहीत. पॅनेलमध्ये तशी सोयच आहे." अभिमानाने सांगितलं हो! आणि खोटं नाही ते. एकदम नाहीच लागले. आधी माझा हिरवा लागला, मग दोन्हीकडे लाल, मग तिचा हिरवा. माझ्या पुढची गाडी वर रस्त्याच्या तोंडाशी थांबली होती, कारण लोक चालत जात होते. थांबायलाच हवं होतं तिने. तेवढ्यात दिव्याचे सेकंद संपले. मी रॅम्पवर अडकलेय याची त्या दिव्याला गंधवार्ता नाही, कारण आमचा सिग्नल हल्ली टायमरवर चालतो.

टायमर म्हणजे काय? कुणीतरी खुर्चीत बसून ठरवलं की माणूस इतक्या सेकंदांत रॅम्प पार करतोच. हिशेब करा. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. 40 मीटरचा रॅम्प असेल तर साधारण 15 सेकंद. तोच माणूस घाबरत ताशी 5 ने गेला की 29. आणि मध्ये थांबावं लागलं तर? त्याला आकडाच नाही! "मग वेळ वाढवू," म्हणे. वाढवा. म्हणजे रॅम्प रिकामा आणि माणसं लाल दिव्यासमोर ताटकळत. चार वेळा असं झालं की पाचव्यांदा कुणी तो लाल मानत नाही, सरळ घुसतात. उगाचच्या लाल दिव्याने शिस्त लागत नाही, असलेली मोडते.

आणि गंमत म्हणजे आमच्याकडे सेन्सर होता. जमिनीत लूप पुरलेला, म्हणजे तारेचं वेटोळं. वरून गाडीचं धातूचं अंग गेलं की पॅनेलला कळतं. एक गाडी आत गेली, अधिक एक. दुसऱ्या टोकाने बाहेर पडली, वजा एक. शून्य झालं की रॅम्प रिकामा. पण प्रत्येक टोकाला एकेकच लूप टाकला होता. कुणी लूपवर आलं, मोबाईल वाजला, विचार बदलला, मागे फिरलं, की अधिक एक कायमचं राहायचं. मग रॅम्पवर भुताची गाडी आणि दोन्हीकडे लालच लाल. लोक वैतागले, तक्रारी झाल्या. त्यावर उपाय काय, तर लूपच बंद करून टायमर! अरे, शेजारी दुसरा लूप टाका ना. आधी कुठला चाळवला यावरून गाडी आत आली की मागे फिरली ते कळतं. यात नवीन काही नाही.

रेल्वेवाल्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. एकेरी मार्गावर समोरासमोरून गाड्या येऊ नयेत म्हणून पूर्वीपासून टोकन. ते ड्रायव्हरच्या हातात असल्याशिवाय पुढच्या टप्प्यात शिरायचं नाही, आणि एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं. आता बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर असतात, म्हणजे चाकांचे आस मोजणारी यंत्रं. आत गेलेले आस आणि बाहेर आलेले आस जुळेपर्यंत तो टप्पा भरलेलाच धरतात. नाही जुळले तर लाल राहतो. मार्ग मोकळा असल्याची खात्री ठरलेल्या रीतीने केल्यावरच माणूस आकडा शून्यावर आणतो. "थोडा वेळ झाला, गेली असेल गाडी" असं कुणी म्हणत नाही. आमच्याकडे नेमकं तेच म्हणतात.

बरं, मान्य, लूपला दुचाकी नीट सापडत नाही, आणि स्लॅबमधल्या सळया जवळ असल्या की त्याला गाडी कमी जाणवते. मग जोडीला प्रकाशकिरणाचा सेन्सर लावा. टायमर स्वस्त पडतो हेही मान्य. गप्प बसले.

खरं सांगायचं तर त्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. नवीन चालवायला लागलेली असणार. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, आणि काचेतून सारखी "सॉरी, सॉरी" करत होती. कशाबद्दल गं? तू दिवा बघूनच आलीस ना? मी हात केला, हसले, मग रिव्हर्स टाकला. वरून येणाऱ्यांना आधी हिरवा आणि तोवर खालच्यांनी थांबायचं, हा आमचा नियमही मला पटतो. वर रांग लागली तर ती थेट रस्त्यावर जाते, खाली सपाटीवर थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पण थांबायचं कुठे? हे लिहिताना परत डोकं तापलं. खालची थांबरेषा रॅम्पच्या अगदी तोंडाशी आखली आहे! मी रिव्हर्स घेत खाली पोचते तर तिथे एक काका अगदी शिस्तीत रेषेवर उभे. लाल दिवा पाळून! म्हणजे नियम पाळणाऱ्यानेच माझी वाट बंद केलेली. मग त्यांनी मागे घ्यायचं, त्यांच्या मागच्याने मागे घ्यायचं, तेव्हा कुठे मी बाजूला, मग ती मुलगी खाली, मग ते हॉर्नवाले. त्यांनी जाताना काच खाली करून मला "जरा बघून चालवत जा" सांगितलं. यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, मित्रयादीत सासरची मंडळी आहेत.

रेषा दोन गाड्या मागे न्यायला एक डबा रंग लागतो. लूपचं पैशांचं ठरेल तेव्हा ठरेल, रंगाला कसली मीटिंग हवी?

ज्यांच्या इमारतीत एकेरी रॅम्पचा सिग्नल नीट चालतो त्यांनी खाली फोटो टाका, लूपच्या खाचा आणि थांबरेषा दिसेल असा. छापून त्या माणसाच्या टेबलावर ठेवणार आहे. आणि "गोल आरसा लावा" हा सल्ला कृपया नको. आरसा आहे. त्यातच ती मुलगी मला दिसली, तोवर दोघी रॅम्पवर होतो.