बाईचे कागद बाईच्या नावावर हवेत

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. इथं थायलंडमधल्या चियांग माईत त्याच पौर्णिमेला लॉय क्राथोंग, म्हणजे पाण्यात दिवे सोडायचा सण असतो. केळीच्या खोडाची चकती, तिला पानांची घडीव कड, मधे फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती. पिंग नदीत दिवा सोडून आले आणि रात्री फाइल काढून बसले. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कागदांचा महिना. तिकडं हयातीचा दाखला द्यायचा, इकडं व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची.

बरेच दिवस मनात होतं ते आज लिहिते. निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर परदेशात राहणाऱ्या किंवा तसा विचार करणाऱ्या मैत्रिणींनी कृपया पूर्ण वाचा.

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला थायलंडमध्ये निवृत्त म्हणून एकेक वर्षाच्या मुदतीनं राहता येतं. त्यासाठी इथल्या बँकेत 8 लाख बात लागतात, म्हणजे आपले वीस लाखांहून जास्त रुपये. अर्जाआधी दोन महिने ती रक्कम खात्यात असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तशीच राहावी लागते आणि पुढंही 4 लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. देशाबाहेर जाताना परतीचा परवाना घ्यायचा, नाहीतर मिळालेली मुदतवाढ तिथंच संपते. घरून वाईट बातमीचा फोन आला की माणूस मिळेल त्या विमानानं निघतो, तेव्हा हे कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच कितीही वेळा चालणारा परवाना घेऊन ठेवतो. त्याला 3,800 बात पडतात.

आता बायकांचं. नवऱ्याच्या खात्यात पैसे असले की बायकोला त्याच्यावर अवलंबून म्हणून राहता येतं. तिचे वेगळे पैसे लागत नाहीत, लग्नाचा दाखला लागतो. आमचं लग्न 1981 सालचं. तेव्हा कोण नोंदणी करत होतं? 2018 साली इकडं यायचं ठरलं तेव्हा नोंदणीसाठी धावाधाव सुरू झाली. लग्न लावणारे गुरुजी केव्हाच वारलेले, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. साक्षीदार म्हणून धाकटे दीर, माझी बहीण आणि मेहुणे. पुरावा म्हणून आईच्या ट्रंकेत सापडलेली पत्रिका, कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच. तिच्यावर छापलंय 'चि. सौ. कां. कुसुम'.

आणि पासपोर्टवर मी वैजयंती.

सासरी ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं 'वैजयंती' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मलाही ते नाव आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून मी 1979 सालीच लागले होते, कुसुम नावानं. सर्व्हिस बुकात तेच राहिलं, म्हणून पेन्शनच्या आदेशावरही तेच. रेशनकार्ड, आधार आणि पासपोर्ट मात्र वैजयंतीचे. तांदळात लिहिलेलं ते नाव सदतीस वर्षांनी मला राजपत्रात छापून घ्यावं लागलं. राजपत्रानं पासपोर्ट आणि लग्नाच्या दाखल्याचं निभावलं. पेन्शनच्या आदेशातली दुरुस्ती मी 'करू पुढं' म्हणून ठेवून दिली. पोस्टानं पाठवलेला हयातीचा दाखला एका वर्षी कुठंतरी गहाळ झाला आणि चार महिने पेन्शन बंद पडली. मोबाइलवर चेहरा दाखवून डिजिटल दाखला काढायला गेले, तर आधारवर एक नाव आणि आदेशावर दुसरं. बत्तीस-पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केलेली बाई मी, आणि माझ्याच पेन्शनसाठी मीच ती हे पटवत फोनवर तासन्‌तास बसले. त्या दिवसांत मला फार अपमान वाटला.

तरी माझं डोळे उघडणं अजून व्हायचं होतं. आमच्या ओळखीतली एक मैत्रीण इथंच राहायची, बेळगावकडची. तिचे यजमान दोन दिवसांच्या आजारात गेले. मृत्यूची खबर बँकेत पोचली आणि खातं गोठलं. कोर्टानं कुणाला नेमल्याशिवाय त्यातून एक बात निघेना. राहायची परवानगी नवऱ्याच्या जोरावर मिळालेली. नवराच नाही म्हटल्यावर तिच्या परवानगीलाही आधार उरला नाही. तेरावं व्हायच्या आत ती माणसांच्या ऐवजी कागद मोजत होती. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी अर्ज भरले. डब्यात त्यांच्या हातचे लाडू तसेच होते. शेवटी घर आवरून ती मुलीकडे गेली. तिला जायचं नव्हतं.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, माझे पैसे माझ्या खात्यात आणि माझी मुदतवाढ माझ्या नावावर. ह्यांना वाईट वाटलं. 'माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणाले. विश्वासाचा प्रश्नच नव्हता, पण ते पटायला दोन महिने गेले. नातेवाईक म्हणाले, एकाच घरात दोन-दोन रकमा कशाला अडकवता? खरंय, रक्कम मोठी आहे. ज्यांना जमणार नाही त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्याकडे आहे त्याही घरांत सगळं नवऱ्याच्या नावावर असतं, कारण 'तेच बघतात सगळं'. मीही हेच म्हणायचे. मी माझ्या ग्रॅच्युइटीचे आणि साठवलेले पैसे रीतसर मार्गानं इथं आणले. पेन्शनच्या आदेशावरचं नावही दुरुस्त करून घेतलं, त्याला अकरा महिने लागले.

आपल्याकडं अजून मुलीचं नाव बदलायची हौस आहे. हौस घरात ठेवा. शाळेच्या दाखल्यावरचं नाव कागदोपत्री मोडू नका, माझी हात जोडून विनंती आहे.

गेल्या वर्षी माझी पहिली स्वतंत्र मुदतवाढ झाली. पहाटे पाचला इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभं राहून नंबर घेतला. आदल्या दिवशी नव्हे, त्याच दिवशीची नोंद पासबुकात दिसावी म्हणून बँक उघडताच शंभर बात भरले, बँकेचं पत्र घेतलं. पासबुकावर साल 2567. बुद्धसंवत, आपल्या इसवीत 543 मिळवायचे. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईनं सही. दुपारी खिडकीतल्या मुलीनं नाव पुकारलं, तिच्या उच्चारात 'वाय-चा-यान-ती'. नेहमीप्रमाणे आम्ही दोघंही उठलो. ती ह्यांना हातानं थांबवून म्हणाली, फक्त मॅडम. हे परत बाकावर बसले आणि माझी पर्स मांडीवर धरून ठेवली.